थोरला चौदा, धाकटा चौदा

गाडीतून उतरताना नाकाला लावलेला रुमाल नंदन टिपणीसने तीन दिवसांत फक्त दोन कामांसाठी काढला: जेवायला आणि हुकूम सोडायला. शनिवारी सकाळी साडेदहाला रुमाल निघाला तो दुसऱ्या कामासाठी.

"वृंदा, स्क्रीनवर हे लाल काय आहे?"

"एकतीस वळू आत जात नाहीयेत," मी म्हटलं. "डुप्लिकेट म्हणतंय."

"मग काढून टाक ना. डुप्लिकेट म्हणजे डुप्लिकेट. त्यात मीटिंग कसली घ्यायची?"

आणि रुमाल पुन्हा नाकावर. खिडकीच्या पलीकडे देवणी जातीचे वळू ओळीने बांधलेले होते, पांढऱ्याशुभ्र अंगाचे, काळ्या तोंडाचे. शेणाचा वास येत होता हे खरं. वळूंच्या केंद्रात अत्तराचा वास येईल असं त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मला तिसऱ्या दिवशी त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं. त्याच्या रुमालावरच्या सेंटने मात्र डोकं उठायचं.

उदगीरच्या पुढे, देवणीच्या रस्त्यावर हे केंद्र होतं. वळूंचं रेत गोठवून त्याच्या बारीक कांड्या करायच्या आणि गावोगावच्या गायींसाठी पाठवायच्या, हे तिथलं काम. कुठला वळू कुणाचा, कुठली गाय कुणाची लेक, याच्या तीस वर्षांच्या नोंदी केंद्राकडे होत्या. अठ्ठ्याण्णव साली त्या एका कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. दोन हजार अकरात तो कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, म्हणून सगळा डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम आमच्या पुण्याच्या कंपनीला मिळालं. सोमवारी उद्घाटन. मोठे पाहुणे, मांडव, नारळ. मी चोवीस वर्षांची, नोकरीला दोन वर्षं झालेली, आणि नंदन माझा साहेब.

मी डिलीटची ओळ लिहायला घेतली तेवढ्यात मागून आवाज आला.

"डुप्लिकेट न्हाईत मॅडम ते. बापलेक हायत."

नागनाथप्पा हालकुडे दारात उभे होते. कपाळाला विभूती, चष्म्याला दोरा, आणि छातीशी धरलेली जाडजूड नोंदवही. तीस वर्षांच्या नोंदी म्हणजे आप्पांचं अक्षर. साहेब आले आणि गेले, आप्पा तिथेच. सगळं केंद्र त्यांना आप्पाच म्हणायचं.

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

"हे बगा. हितं दावण मोडत न्हाईत. बाप थकला की त्याच्या दावणीला त्याचाच लेक बांधायचा, ही आमच्याकडली रीत. दावणीचा नंबर चौदा, तर बाप थोरला चौदा, लेक धाकटा चौदा. नातू आला की त्याला दुसरी दावण. वहीत मी तसंच लिवायलोय, थोरला-धाकटा."

"आणि कॉम्प्युटरवर?"

"तवा ते बसवणारा म्हणला, आप्पा, तीनच अक्षरं मावत्यात, थोरला-धाकटा बसणार न्हाई. मग मी म्हणलं, इंग्रजीत मोठी अन् बारकी दोन-दोन अक्षरं हायत की. थोरल्याला कॅपिटल बी, धाकट्याला स्मॉल बी. तेरा वर्सं झाली, एकदा चुकलं न्हाई."

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला, आणि त्याच वेळी मला त्या माणसाचं कौतुकही वाटलं. जुना डेटाबेस कॅपिटल बी आणि स्मॉल बी ही दोन वेगळी अक्षरं मानत होता. आम्ही आणलेला नवा, ज्या सेटिंगवर येतो त्या सेटिंगवर, दोन्ही एकच समजत होता. त्याच्या लेखी थोरला चौदा आणि धाकटा चौदा हा एकच प्राणी होता आणि आम्ही तो दोनदा घुसवू पाहत होतो.

"आप्पा, गडबड झाली तर काय होईल?" मी विचारलं.

"काय होईल?" आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेतली पोर आहे. "गावातनं आमच्या माणसाचा फोन येतो. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगतो, कुठली कांडी भरू म्हणून इचारतो. मी वही बगून सांगतो. आता तुमचा पडदा सांगणार. त्यात थोरला-धाकटा मिसळला तर एखाद्या दिवशी बापाचीच कांडी लेकीला जाईल. जित्राबाला नातं कळत न्हाई मॅडम, म्हणून तर आपण लिवून ठेवायचं. माज्या हातून ती घाण एकदा बी झाली न्हाई. चार तालुक्यातली माणसं वही मागत न्हाईत, आप्पानं सांगितलं का एवढंच इचारत्यात."

नंदनने रुमालाआडून हे ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडू दिलं.

"ओके. सोपं आहे," तो आप्पा गेल्यावर म्हणाला. "धाकट्यांना नवे नंबर दे. दोनशे एकपासून दोनशे एकतीस. कांड्यांवर नव्या नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवतील ही लोकं. दहा मिनिटांचं काम."

मी दिले. धाकटा चौदा झाला दोनशे सात. एकतीस वळू आत गेले. त्यामागून सेहेचाळीस हजार गायी एकही तक्रार न करता आत गेल्या. जुन्याकडे जेवढ्या नोंदी तेवढ्याच नव्याकडे, एक कमी नाही, एक जास्त नाही. आमच्या धंद्यात हा आकडा जुळला की माणसं एकमेकांची पाठ थोपटतात आणि चहा मागवतात. आम्हीही मागवला.

जेवणानंतर मला राहवलं नाही म्हणून मी एक गाय उघडून पाहिली. अनुसयाबाई नावाच्या कुणा बाईंची. जुन्या नोंदीत तिचा बाप स्मॉल बी चौदा, म्हणजे धाकटा. नव्या पडद्यावर बाप: थोरला. दुसरी उघडली. थोरला. तिसरी. थोरला.

वळूंच्या टेबलात एक नंबर दोघांना चालत नाही, म्हणून तिथे मशीनने बोंब मारली होती. गायींच्या टेबलात मात्र शंभर गायींचा बाप एक असू शकतो, मग मशीन कशाला बोलेल? तिने स्मॉल बी घेतला, कॅपिटल बीशी जुळवला आणि गप्प बसली. धाकट्यांच्या सगळ्या लेकी थोरल्यांच्या नावावर गेल्या होत्या, सुमारे नऊ हजार. आणि दोनशे सात नंबरचा आमचा नवा वळू पडद्यावर बिनलेकीचा, कुणाचाच कुणी नसलेला. आपल्याच लेकींसाठी त्याची कांडी हिरवी दिसत होती. हिरवी म्हणजे भरायला हरकत नाही.

मी नंदनला दाखवलं. तो व्हरांड्यात फोनवर होता, फोन संपेपर्यंत मला उभं केलं.

"किती वेळ लागेल सुधारायला?" त्याने विचारलं.

"कॉलमचं सेटिंग बदलायचं, मोठी-लहान अक्षरं वेगळी धरणारं. गायी पुन्हा भरायच्या. आणि आपला एन्ट्रीचा पडदा टाईप केलेलं सगळं कॅपिटल करून टाकतो, तेही काढावं लागेल. चाचणी धरून उद्या दुपारपर्यंत होईल."

पडद्याचं नाव काढलं आणि तिथेच मी चुकले. तो पडदा नंदनने स्वतः पुण्यात बसून ठरवला होता, आणि क्लायंटला तो मोठ्या अभिमानाने दाखवून झाला होता.

"पडद्याला हात लावायचा नाही."

"मग गायी—"

"वृंदा, आकडा जुळला ना? ताळापत्रकावर काय लिहिलंय? नोंदी गेल्या किती, आल्या किती. कुठली गाय कुणाची, हे त्यात कुठे आहे? सोमवारनंतर दुरुस्तीचा पॅच देऊ." मग त्याने आवाज मऊ केला. "फ्रँकफर्टच्या ऑफिसात पाठवायला आपल्याकडून एकच नाव जायचंय. सोमवारी मी तुझं पाठवतोय. आता गायींच्या सोयरिकी जुळवत बसायचं की पुढे जायचं, तू बघ."

गायींच्या सोयरिकी. स्वतःच्याच विनोदावर तो हसला, रुमाल काढून. दातात भाजीची काडी अडकलेली होती. मला शिसारी आली. मी मनात म्हटलं, असल्या माणसाच्या हाताखाली आपण दोन वर्षं काढली. मी त्याच्याकडे पाठ फिरवून जागेवर येऊन बसले आणि मला फार बरं वाटलं, अगदी स्वच्छ वाटलं. किळस करणाऱ्याला आपण स्वच्छ आहोत असं वाटतं, ही त्यातली मोठी सोय आहे.

रविवारी चार वाजता ताळापत्रकावर सह्या होत्या. केंद्राच्या मॅनेजरने केली, नंदनने झोकदार केली, आणि कागद आप्पांपुढे सरकवला. नोंदी ताब्यात असलेला माणूस म्हणून त्यांची सही लागत होती. आप्पांनी चष्मा लावून अख्खा कागद वाचला. इतका वेळ लावला की मॅनेजरने घड्याळ पाहिलं.

"आप्पा, सगळ्या नोंदी आल्यात," नंदन म्हणाला. "आकडे समोर आहेत. एकही गाळलेली नाही."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे वळले.

"लेकी," ते म्हणाले. तीन दिवस मॅडम होते, ती त्या दिवशी लेक झाले. "आकडे जुळले ते मला बी दिसायलंय. थोरल्याच्या लेकी थोरल्याकडं अन् धाकट्याच्या धाकट्याकडं हायत का? मला ते मशीन कळत न्हाई. तू सांग. तू म्हणलीस तर मी करतो सही."

नंदन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. तो काही बोलला नाही. त्याने मला डोळा मारला नाही की दम दिला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले की त्याने मला बोलायला लावलं.

"हो आप्पा," मी म्हटलं. "आहेत."

आप्पांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं.

सोमवारी नारळ फुटला. पाहुण्यांनी एक बटण दाबलं, पडदा हिरवा झाला, टाळ्या पडल्या. आता वह्यांची गरज नाही असं मॅनेजरने भाषणात सांगितलं, आणि दुपारी आप्पांच्या वह्या ट्रंकेत घालून चाऱ्याच्या गोदामात नेऊन ठेवल्या. फोनवर बसायला नवा ऑपरेटर आला. मी फ्रँकफर्टला गेले. तिथून नंदनला पॅचबद्दल एक मेल केली. उत्तर आलं, "नोटेड." एवढ्यावर मी हात झटकले. थंडी छान होती, ऑफिस चकाचक होतं, कशालाही कसलाच वास नव्हता.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी पुण्याला परत आले त्याच आठवड्यात ऑफिसच्या फोनवर आप्पा आले.

"मॅडम, तुमी एकदा येऊन बगून जावा," ते म्हणाले. "एवढंच."

काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गेले. ते मला केंद्रात न नेता थेट गावात घेऊन गेले. त्या अनुसयाबाईंच्या गोठ्यात. मी पडद्यावर उघडली होती ती गाय समोर उभी होती, आणि तिच्या पुढ्यात तीन दिवसांचा गोऱ्हा. दिसायला देखणा, पांढरा. अनुसयाबाई बाटलीने दूध पाजत होत्या, आणि घोट घेतला की दूध त्याच्या नाकातून बाहेर येत होतं. टाळू फाटलेली होती. तो पुन्हा तोंड उघडत होता, पुन्हा चोखत होता, आणि पुन्हा सगळं नाकातून खाली. भूक तर त्याला कळत होती. बाईंचा पदर दुधाने चिकट झाला होता, त्यावर माश्या बसल्या होत्या.

"डाक्टर म्हणले, एखादा दिस काढंल," अनुसयाबाई म्हणाल्या. "आप्पाच्या केंद्रातनं सांगितलं म्हणून भरवली माय. दुसरं कुणी सांगितलं असतं तर इचारलं असतं."

आप्पा खाली मान घालून उभे होते. ती मान मी पाहिली आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बाप?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"धाकटा चौदा. अन् गाय बी धाकट्या चौदाचीच लेक." आप्पा बाहेर जाऊन थुंकले. "बापाला लेक दिली आमी. पडद्यावर हिरवं दिसलं म्हणं."

वाटेत बाकीचं कळलं. याच्याआधीही अशी वासरं झाली होती, तेव्हाच केंद्राने कंपनीला विचारलं होतं. नंदनने ताळापत्रकाची प्रत पाठवून दिली होती: तुमच्याच नोंदणी सहायकाने तपासून सही केलेली आहे. खापर आप्पांवर फुटलं. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांना नोंदणीवरून काढून चाऱ्याच्या गोदामावर बसवलं होतं. गावात त्यांना कुणी वाईट बोलत नव्हतं, पण आप्पानं सांगितलं का, असंही आता कुणी विचारत नव्हतं.

"मी मॅनेजरना सांगते," मी म्हटलं. "मी खोटं बोलले होते."

"सांगा की," आप्पा म्हणाले.

मी सांगितलं. मॅनेजर म्हणाले, आता उकरून काय मिळणार, ते आधी दुरुस्त करा. मी बसले. कॉलमचं सेटिंग बदललं, नंदनच्या पडद्यातली ती एक ओळ काढली, जुन्या बॅकअपमधून गायी पुन्हा भरल्या, एकतीस धाकट्यांना त्यांचे नंबर परत दिले. मध्ये चहा झाला. सगळं मिळून साडेचार तास लागले. साडेचार तास! घड्याळाकडे पाहिलं आणि मला ओकारी आल्यासारखं झालं. या वेळी समोर नंदन नव्हता, रुमाल नव्हता, दातातली काडी नव्हती. खोलीत मी एकटीच होते.

मग मी चौदा महिन्यांत बापाची कांडी गेलेल्या लेकी मोजल्या आणि आकडा घेऊन गोदामात गेले. कडब्याच्या गंजीशेजारी आप्पा ट्रंक उघडून, वही मांडीवर घेऊन बसले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे एकोणीस."

त्यांनी मान हलवली. "गावाप्रमाणं यादी द्या. मी जाऊन सांगून येतो एकेकाला."

"आप्पा, मी येते बरोबर."

"नगं मॅडम. तुमाला कोण वळकतंय?"

ते यादी घ्यायला उठले आणि वही उघडीच ट्रंकेवर राहिली. शेवटची नोंद त्या गोऱ्ह्याची होती. जन्मतारीख. आई, बिल्ल्याचा नंबर. बाप, धाकटा चौदा. शेरा, टाळू फाटलेली. आणि त्याच्याआधी एक रकाना होता, भरवणाऱ्याचा. गायीला कांडी कुणी भरली त्याचं नाव त्यात लिहायचं असतं. वरच्या सगळ्या ओळींत गावोगावच्या कर्मचाऱ्यांची नावं होती.

या ओळीत आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: वृंदा माधव सोवनी, पुणे.

आप्पा यादी घडी घालून खिशात ठेवत होते. मी ते नाव वाचलं हे त्यांनी पाहिलं. खोडा असं मी म्हटलं नाही.